शंभराला दोन

हिशेब मांडला तर कारागिराला मिळणार होती एकच गोष्ट: पाचच्या बसमध्ये बसायला जागा. सहाच्या बसला उभं राहावं लागतं, आणि एकतीस वर्षं उभ्यानं लोकांचे कृत्रिम पाय बनवून त्याचे स्वतःचे गुडघे आता जाब विचारू लागले होते.

भिंतीवर कागद डकवलेला होता. शंभर भाग रेझिन, दोन भाग हार्डनर. दोन घातले की तासाभरात घट्ट होतं, जास्त घातले की लवकर. थंडीत तो तीन घालायचा. आज थंडी नव्हती, शनिवार होता. त्यानं चार घातले.

लोखंडी पकडीत प्लास्टरचा साचा उभा होता. बाहेर बाकावर बसलेल्या फरशीवाल्याच्या उरलेल्या मांडीचा. साच्यावर चढवलेल्या मोज्यात रेझिन जिरून वाळलं, की नव्या पायाची, मांडी बसवायची वाटी तयार. फरशीवाला सकाळपासून कुबड्या कवटाळून बसला होता. सोमवारी त्याला एका गोदामाच्या दारावर काम मिळणार होतं. मालकाची अट एवढीच, की दोन पायांवर येऊन दाखव.

अर्धा मोजा भिजला, तोच कारागिराच्या हातातला डबा तापला. उरलेलं रेझिन थिजलं, तडकलं आणि धुरावलं.

वासासरशी फरशीवाला दारात आला. जन्मभर त्यानं असल्याच मसाल्यानं लोकांच्या ओट्यांचे सांधे भरले होते.

"किती घातलंत?"

"दोन."

"दोनाला धूर येत नाही, मिस्त्री."

कारागिरानं छिन्नी उचलली. अर्धवट कवच सोलताना आतला साचा फुटला. तो फुटणार हे दोघांनाही ठाऊक होतं. नवं माप घेणाऱ्या बाई आता मंगळवारी येतील, हे त्यानं खाली बघत सांगितलं. मग बसचंही सांगून टाकलं. फरशीवाला रागावला नाही. म्हणाला, शनिवारी आपणही चमचाभर जास्तच घालायचो, दोन-चार घरांत अजून आपल्या नावानं शिव्या चालू असतील. मग त्यानं कुबड्या काखेत घेतल्या.

करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे दोघांनाही पाचची बस आरामात मिळाली.

बसमध्ये एकच जागा रिकामी होती. कारागीर बाजूला सरला. फरशीवाल्यानं कुबडीच्या टोकानं जागेकडे बोट केल्यासारखं केलं.

"तुम्ही बसा. हिच्यासाठीच तर एवढी घाई केलीत."

नको, नको, असं कारागीर दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत गुडघ्यांनी निकाल देऊन टाकला.

बस सुटली. फरशीवाला दांडीला लटकून उभा राहिला. दर ब्रेकला त्याच्या पँटचा रिकामा पाय पुढं यायचा आणि कारागिराच्या गुडघ्याला हलकेच लागून परत जायचा.