रिकाम्या संचाचा प्रश्न

सुरेंद्र सरांच्या शिकवणीच्या दारात मनकर्णा उभी राहिली, तेव्हा नववीची पोरं फिदीफिदी हसली. तलावावर मासे धरणारी ही बाई आठ दिवसांपासून मोबाईलवर गणिताचे व्हिडिओ पाहते, हे गावभर झालं होतं.

"सर, रिकामा संच सगळ्याच संचाईचा उपसंच असते का?"

"घ्या! मासेवाली बाई संच शिकून राह्यली!" सर पोरांकडे वळून हसले. "अवो, ज्याच्यात काहीच नाई, तो कोनाचा उपसंच कसा असन? मोबाईलवर गणित येत नसते. जा, जाळं विना."

पोरं पुन्हा हसली. मनकर्णा हलली नाही.

"मंग रिकाम्या संचातला कोनता घटक दुसऱ्या संचात नाई, तेवढा दाखवा."

सरांनी टेबलावरचं पुस्तक उघडलं. पानं चाळली आणि एका पानावर थांबले.

मनकर्णानं आपल्या लेकीचा, मयुरीचा, चाचणीचा पेपर त्यांच्यापुढं ठेवला. बरोबर उत्तरावर लाल फुली होती.

"याच उत्तरापायी तुमी माह्या पोरीले सगळ्याईसमोर गधी म्हनलं. तवापासून ते पुस्तकाले हात लावत नाई. मनून मले शिका लागलं."

वर्गात आता कुणी हसत नव्हतं. सरांनी घाईघाईनं लाल पेन उघडला. "देतो ना दोन मार्क वाढवून, मनकर्णाबाई."

तिनं पेपर ओढून घेतला.

"राहू द्या, सर. तुमालेच कामी पडतील."