नवा रोल

रोल बदलला की लेबल छापायचं मशीन माप घेण्यासाठी आधी पाच-सहा कोरी लेबलं बाहेर ढकलतं. माझ्या मशीनखाली त्यांचा ढीग साचायचा, शेजारच्या बुटक्याच्या मशीनखाली एकही नसायचं. साहेब त्याचं कौतुक करायचे आणि माझ्या पोटात दुखायचं.

बायको गेल्यानंतर पुन्हा कामावर आलो, तेव्हा शेवटी त्याला विचारलंच.

"सोपं आहे, दादा. कोऱ्या लेबलांची एक जुनी पट्टी जपून ठेवायची. दर वेळी माप तिच्यावरच घ्यायचं, मग नवा रोल लावायचा. वहिनींनी शिकवलं."

वहिनी म्हणजे माझीच बायको. स्टोअरच्या खिडकीत बसून ती आम्हा सगळ्यांना रोल द्यायची. माझा नुसता जळफळाट झाला.

"तुला बरं शिकवलं. आणि घरच्या माणसाला नाही?"

"मीही तेच म्हणालो होतो त्यांना," तो मान खाली घालून म्हणाला.

"तर हसल्या. म्हणाल्या, ह्यांचा रोल लवकर संपू दे बाबा, तेवढेच खिडकीशी येतात."