रेघेचा ठराव

चंद्रभागा मॅडमचा खडू आडवी रेघ ओलांडून वर गेला आणि मागच्या बाकावरून आश्रुबा सर ताडकन उठले.

“शिवली! मंडळी, रेघ शिवली!”

दूध संस्थेचा हॉल चपापला. दुष्काळ असा, की चिमण्यासुद्धा टँकरपुढं नंबर लावत आणि दुधाच्या कॅनमध्ये कोळी संसार थाटत. रिकाम्या हॉलात संस्था अकरावीचा वर्ग चालवत होती. गणित यापुढं कुणी शिकवायचं, ते सभासद आज हात वर करून ठरवणार होते. इतकी वर्षं सरच शिकवत. पण अंबाजोगाईहून या बाई आल्या, पोरं तिकडं वळली. काल तर सरांची बायको रतनबाईसुद्धा भाकरी वाढता वाढता म्हणाली, “मॅडमचा आलेख लई गोड वळतो म्हणं.” तो घास सरांच्या घशाखाली अजून उतरला नव्हता.

फळ्यावर अपूर्णांक होता. वर क्ष, खाली क्षचा वर्ग अधिक एक. त्याचा आलेख डावीकडून शून्याच्या आडव्या रेघेखालून आला, तिला ओलांडून चढला आणि उजवीकडं पुन्हा तिच्याजवळ उतरत गेला.

“हिला अनंतस्पर्शी म्हणतात,” सरांनी रेघेवर छडी आपटली. “आलेख जन्मभर हिच्या जवळ जातो, पण शिवत न्हाई. थोरला दीर धाकट्या भावजयीला शिवतो का?”

“सर, ते लांब टोकाला. मधे ओलांडली तर चालते,” मॅडम म्हणाल्या.

“ऐका! मधे चालतंय म्हणं!”

हॉल खदखदला. मॅडमचे कान लाल झाले. सरांना बरं वाटलं.

तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. चेअरमन आबासाहेब चपला शोधत म्हणाले, “आलेखानं रेघेला शिवू नये आन् वर्ग सरांकडंच ऱ्हावा. मंजूर असंल त्यांनी हात वर!”

घागरींसकट हात वर गेले. ठराव एकमतानं झाला, हॉल रिकामा झाला.

सरांनी थुंकी लावून अंगठा ओला केला आणि आलेख रेघेला भेटत होता नेमका तेवढा ठिपका पुसून टाकला.

“सर,” मॅडम म्हणाल्या, “क्षच्या जागी शून्य ठेवून बघता?”

सर पुटपुटले. वर शून्य. खाली एक. म्हणजे शून्य, नेमकं रेघेवर. त्यांनी त्या पुसल्या जागेवर बोट ठेवलं.

“खरं हाय बाई तुमचं,” ते हळूच म्हणाले. “पण आता ठराव झालाय.”