नाव

"आज पुन्हा आली होती ना ती?" देवश्रीबाईंनी चहाचा कप पुढे ठेवत विचारलं.

बिंदुमाधवांच्या उजव्या हाताची मूठ अजून वळलेलीच होती. डाव्या हातानं त्यांनी एकेक बोट सरळ केलं आणि मग कप उचलला.

गेली तेवीस वर्षं हे चाललं होतं. जबलपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पडणारं स्वप्न काशीला राहायला आल्यापासून रोज पहाटे पडू लागलं होतं. निवृत्तीनंतर इथे यायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. पण मुलीला, रुचाला, इथल्या युनिव्हर्सिटीत नोकरी लागली, तिनं ब्रह्माघाटावर घर घेतलं, आणि नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

स्वप्नात गढूळ पाणी असायचं. पाण्यावर एका बाईचा चेहरा. "सोडू नका हो," असं काहीतरी ऐकू यायचं. मग बिंदुमाधव तिचा हात सोडत, आणि जागे होत.

"कोण आहे ती?" देवश्रीबाईंनी विचारलं. "आता तरी सांगा."

बाहेरच्या गल्लीत कुणीतरी पूजेचं गोमूत्र आणि दर्भ विकत चाललं होतं. त्याची हाक दूर जाईपर्यंत बिंदुमाधव थांबले.

"एकाहत्तर साली बाबांच्या अस्थी घेऊन मी एकटाच इथे आलो होतो. भाद्रपद होता, गंगा चढलेली. रामनगरचा किल्ला पाहून नावेतनं परत येत होतो. समोर एक बाई बसली होती, चाळिशीची. तिकडच्या शाळेत शिकवायची. नावाड्याशी मी जे हिंदी बोललो त्यावरूनच तिनं ओळखलं, मराठी म्हणून. उद्या जेवायलाच या म्हणाली, रामघाटावर आठल्यांचं घर कुणालाही विचारा."

"मग?"

"मधल्या धारेत नाव उलटली. मला धड पोहता येत नव्हतं. तिचा हात माझ्या हातात होता. ती मला खाली ओढतेय असं वाटलं, आणि मी हात काढून घेतला."

"पाण्याच्या जोरानं सुटला असेल हो."

"नाही. मी सोडला."

एका मल्लाहानं त्यांना पार खालच्या बाजूला, पैलतीरावर बाहेर काढलं होतं. सकाळच्या गाडीनं ते जबलपूरला परतले. कोण वाचलं, कोण गेलं, हे त्यांनी कुणालाही विचारलं नाही.

देवश्रीबाई रागावतील असं बिंदुमाधवांना वाटलं. रागावल्या असत्या तर बरंही वाटलं असतं.

"तेवीस वर्षं मी शेजारी झोपले," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही एकटेच हे भोगलंत." मग उठून त्यांनी धुतलेला सदरा काढून दिला. "आज सर्वपित्री आहे. त्या बाईंच्या घरी जा. शिव्या देतील, हाकलून देतील. ऐकून घ्या आणि या."

ब्रह्माघाटाहून रामघाट गल्ल्यागल्ल्यांनी पंधरा मिनिटांवर. बिंदुमाधवांना तास लागला. दोनदा ते अर्ध्या वाटेतून मागे फिरले. काय बोलायचं ते मनात घोळवत होते, पण पहिल्या वाक्यापुढे काही सुचत नव्हतं.

आठल्यांचं दार उघडलं ते धोतर-उपरण्यातल्या चाळिशीच्या गृहस्थानं. "कहिए," तो म्हणाला, आणि त्यांच्याकडे नीट बघून लगेच, "या ना, आत या."

"एकाहत्तर साली रामनगरहून येणारी एक नाव उलटली होती," बिंदुमाधव उंबऱ्यातच म्हणाले. "मी त्या नावेत होतो."

त्या गृहस्थाचा चेहराच बदलला. हाताला धरून त्यानं त्यांना लाकडी तख्तावर बसवलं. "बकुळ, पाणी आण जरा," अशी आत बायकोला हाक दिली.

"तुमच्या घरातल्या एक बाई होत्या," बिंदुमाधव म्हणाले. "शाळेत शिकवायच्या."

"आनंदीआत्या. मी तिचा भाचा, शरद." त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. फोटोला चंदनाचा हार होता. पांढऱ्या केसांची, जाड चष्म्याची म्हातारी बाई.

"ह्या नव्हेत. त्यांचे केस काळे होते."

"तेव्हा होते ना. हा फोटो गेल्या वर्षीचा. ह्या माघात गेली ती."

बिंदुमाधव फोटोकडे बघत राहिले. "वाचल्या होत्या?"

"सगळेच वाचले. एक माणूस सोडून."

छातीवरचा दगड कुणीतरी उचलावा तसा त्यांचा श्वास मोकळा झाला. डोळे भरून आले. पुढचं आधी त्यांच्या कानावर पडलं, अर्थ मागून पोचला.

"वाचली, पण जगली नाही म्हणा," शरद सांगत होता. "नोकरी सोडली, पुन्हा नावेत पाय ठेवला नाही. रोज पहाटे ओरडत उठायची. परगावचा कुणी मराठी माणूस होता म्हणे, वडिलांच्या अस्थी घेऊन आलेला. बुडताना त्यानं हिचा हात धरला, आणि हिनं तो झटकला. तो खाली गेला तो वर आलाच नाही. स्वप्नात यायचा तिच्या. 'सोडू नका' म्हणायचा. आम्ही किती समजावलं, ऐकलं नाही कधी."

बकुळनं पाणी आणून ठेवलं. बिंदुमाधवांनी तांब्याला हात लावला नाही.

"दर सर्वपित्रीला ती माझ्याकडून त्याच्यासाठी तर्पण करवून घ्यायची," शरद म्हणाला. "जाताना वचन घेतलंय, बंद करू नकोस म्हणून. आत्ता घाटावर त्यासाठीच निघालो होतो. एकच चुटपूट लागून राहिली तिला, की जेवायला बोलावलं पण नाव विचारलं नाही." तो थोडा पुढे झुकला. "तुम्ही होतात ना तिथे? त्या माणसाचं नाव, गोत्र काही ठाऊक आहे का तुम्हाला?"