दोन फूट मोठा

प्रितमचे वडील दिनानाथशेठ आणि त्याचा काका शिवा यांच्यात सात वर्षं बोलणं बंद होतं. एकमेकांना जे काही सुनवायचं असेल, ते दोघे पनवेलच्या एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लावून सुनवायचे. गेल्या वर्षी शिवानं आपल्या मुलासाठी लावला होता: 'चि. कुंदन यांस एमबीएसाठी अमेरिकेस प्रयाणानिमित्त हार्दिक शुभेच्छा'. वर काळा गॉगल घातलेला कुंदन.

त्यामुळे यंदा प्रितमनं नागपूरच्या चांगल्या कॉलेजात एमबीएला प्रवेश मिळाल्याचं सांगितलं, तेव्हा दिनानाथशेठ पेढा न घेताच भडकले.

"नागपूरला चाललास म्हनून कोन फ्लेक्स लावतो काय रं? त्या शिवाच्या नाकावर टिच्चून लंडनला जायचं!"

दुसऱ्याच दिवशी लंडनचा फ्लेक्स लागला, शिवाच्या फ्लेक्सपेक्षा दोन फूट मोठा. व्हिसाचा अर्ज त्यानंतर केला. तो नामंजूर झाला.

"आता मी काय करू?" प्रितमनं विचारलं.

"नागपूरला जाऊन मर! पन दोन वर्षं पनवेलमदी तोंड दाखवलंस तर तंगडं तोडीन. आयलासुद्धा लंडनच सांगायचं."

नागपूरची जागा नशिबानं अजून शाबूत होती. भर दुपारी, घामानं निथळत प्रितम हॉस्टेलवर पोचला आणि वॉर्डननं दिलेल्या खोलीचं दार त्यानं ढकललं.

 

आत पाठमोरा कुंदन फोनवर सांगत होता, "आये, ठेवतो आता. अमेरिकेत मध्यरात्र उलटून गेली."