एल्स्पेथचा झेंडा

हाफटाइमला लाइन्समनचा पाय मुरगळला आणि भोंग्यावरून विचारणा झाली, “प्रेक्षकांत कुणी परवाना असलेला पंच आहे का?” आमच्या स्टँडमधून एल्स्पेथ उठली, तसे आम्ही सगळे बोंबललो, “आपलीच आहे रे!” शेवटच्या मिनिटाला तिनेच झेंडा वर केला, आमचा बरोबरीचा गोल ऑफसाइड ठरला आणि शेजारच्या किलब्रे गावाकडून आम्ही हरलो.

पबमध्ये तिला कुणी खुर्ची दिली नाही. तिच्याच नवऱ्याने, फर्गसने, तो गोल मोबाइलवर लावून तिच्या तोंडासमोर नाचवला. “आंधळी आहेस का गं? त्यांच्या शेवटच्या डिफेंडरच्या चांगला दोन पावलं मागे होता आपला पोरगा!”

“दिसलं होतं मला.”

“मग?”


“तुम्ही ‘आपलीच आहे’ म्हणून बोंबललात, ते सगळ्या मैदानाने ऐकलं होतं.”