तीन कुलपांचं दार

दोन महिने खपून लेकीने वहीत खेळ रचला होता. मध्ययुगातला किल्ला, तळघरात ड्रॅगन, दाराला तीन कुलपं आणि त्यांच्या चाव्या तीन राज्यांत दडवलेल्या. ती गोष्ट सांगणार, बाबांनी त्यातला सरदार व्हायचं आणि फासे टाकत पुढे जायचं. रविवारीसुद्धा रंधा खाली न ठेवणारे तिचे सुतार बाबा आज एकदाचे टेबलाशी बसले.

“दार कुठल्या बाजूला उघडतं?” त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला.

“आपल्या बाजूला.”

“म्हणजे बिजागऱ्याही आपल्याच बाजूला. पिना ठोकून काढल्या, दार उतरवून भिंतीला टेकवलं. चाव्या हव्यात कशाला?”

“पण आवाजाने ड्रॅगन जागा होईल!”

“हातोडीला कापड गुंडाळायचं.”

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. ती वही मिटायला गेली, तेवढ्यात बाबांनी ती ओढून घेतली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘रविवार पहिला : बाबा आणि मी.’ ते पुढे येणाऱ्या रविवारांची पानं उलटत गेले. शेवटच्या पानावर होतं, ‘रविवार चोविसावा : बाबा, मी आणि दार.’

बाबांनी कानावरची पेन्सिल काढून डोकं खाजवलं.

“हे दार बंद होऊन किती वर्षं झाली?”

“शंभर.”

“अगं, मग आधी नाही का सांगायचं! पिना गंजून पार बसल्या असणार. माझ्या बापाच्यानेही निघायच्या नाहीत.” त्यांनी फासे मुठीत खुळखुळवले. “चल, पहिली चावी कुठेय?”